दम बघून चढ: डोंगरातील झोपडीपर्यंतची सायकल

सायकल आपल्या वस्तीला नवी नाही. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, कॅरिअरला डबा बांधून बांधकामावर जाणारा गवंडी, शाळेची सायकल मिळालेली आठवीची मुलगी, सगळे सायकलवरच असतात. पण आनंदासाठी, तब्येतीसाठी, डोंगर बघण्यासाठी सायकल चालवायची म्हटले की आपण हात झटकतो. ते पैसेवाल्यांचे काम, आपले शरीर तर दिवसभर राबतेच, असे म्हणतो.

विदर्भातल्या बौद्ध घरांत याला आणखी एक कारण आहे, आणि ते रक्तातले आहे. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे त्या घरातल्या सगळ्याच मुलांना "धावू नको, खेळू नको, सायकल हाणू नको" असे सांगितले जाते. दुसऱ्या टोकाला पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असतात. आपले रक्त कधी तपासले आहे की नाही हे माहीत नसताना ती उपाशीपोटी, पाण्याशिवाय, भर उन्हात मैदानावर धावत सुटतात. एकीकडे नुसती भीती, दुसरीकडे नुसती जिद्द. दोन्हीत माहितीचा पत्ता नाही.

म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर मी एका सायकलप्रवासाची हकिगत सांगणार आहे. प्रवास दूरच्या देशातला आहे, पण सायकलवरची बाई आपली आहे.

भाऊ एसएस, बहीण एएस

जी.एन.एम.च्या डिप्लोमाला आम्ही दोघी एकाच वसतिगृहात होतो. ती उत्तर नागपुरातल्या वस्तीतली, बौद्ध घरातली. तिचा धाकटा भाऊ सिकलसेलचा रुग्ण होता. डॉक्टरांच्या भाषेत एसएस. हातपाय दुखायचे, ताप यायचा, रक्त चढवावे लागायचे. बाविसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा ही वाहक, म्हणजे एएस, निघाली. आईने त्या दिवसापासून तिला पळू दिले नाही. नर्सिंगच्या वसतिगृहात आम्ही बॅडमिंटन खेळायचो आणि ही बाजूला बसून गुण मोजायची.

पुढे ती परीक्षा देऊन न्यूझीलंडला नर्स म्हणून गेली. तिथल्या साऊथ आयलंडवर राहते. वय आता ४४. मागच्या वर्षी तिने रुग्णालयातल्या तीन सहकाऱ्यांबरोबर हिफी ट्रॅक नावाची डोंगरवाट सायकलवर पार केली. तीन दिवस, दोन रात्री, मुक्काम डोंगरातल्या झोपड्यांत. फोनवर तिने हे सांगितले तेव्हा माझा पहिला प्रश्न नर्सचाच होता: पाणी किती नेले होतेस?

वाट कशी आहे

हिफी ट्रॅक हा न्यूझीलंडच्या काहुरांगी राष्ट्रीय उद्यानातून जातो. लांबी सुमारे ७८ किलोमीटर. चालणाऱ्यांना चार ते सहा दिवस लागतात. सायकलला ही वाट वर्षभर खुली नसते. १ मे ते ३० नोव्हेंबर एवढ्याच काळात परवानगी असते. म्हणजे तिकडचा हिवाळा आणि वसंत. त्यामुळे थंडी आणि पाऊस ठरलेलाच.

पूर्वेकडून निघाले की ब्राऊन हट नावाच्या झोपडीपासून पेरी सॅडल हटपर्यंत साडेसतरा किलोमीटरचा सलग चढ लागतो. सुमारे आठशे मीटर उंची चढावी लागते. वाटेतली सर्वांत उंच जागा ९१५ मीटरवर आहे. पुढे गोलंड डाउन्स नावाचे गवताळ, मोकळे, वाऱ्याचे पठार. मग जंगलातून लांब उतार, नदी, आणि शेवटी ताडासारख्या निकाऊ झाडांच्या सावलीतून समुद्राच्या काठाने कोहाईहाई. मधे गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. निघाल्या ठिकाणी परत गाडीने यायचे तर चारशे किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. म्हणून तिथे संकटाच्या वेळी उपग्रहामार्फत मदत मागणारे छोटे यंत्र भाड्याने मिळते. यांनी ते सोबत नेले होते.

या वाटेचा इतिहासही आपण समजून घ्यावा. मूळची ही माओरी लोकांची वाट. पौनामु नावाचा मौल्यवान हिरवा दगड आणायला ते या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर जात. १८४६ मध्ये चार्ल्स हिफी आणि थॉमस ब्रुनर हे दोन युरोपीय या किनाऱ्याने गेले. त्यांना वाट दाखवणारा केहू नावाचा माओरी होता. वाटेला नाव मात्र हिफीचे मिळाले. वाट तुडवणाऱ्याचे नाव मागे राहते आणि नकाशा काढणाऱ्याचे पुढे येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पहिला दिवस: चढ

मैत्रिणीने चार महिने तयारी केली होती. पहिला महिना फक्त सपाट रस्ता, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. दुसऱ्या महिन्यात छोटे चढ. तिसऱ्यात सायकलला सामान बांधून. सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासली आणि आपण एएस आहोत हे स्पष्ट सांगितले. डॉक्टरांनी मनाई केली नाही, अटी घातल्या. वेग हळूहळू वाढवायचा, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यायचे, आणि पायांत किंवा कमरेत विचित्र दुखले की त्याच क्षणी थांबायचे. "थोडे पुढे जाऊन थांबते" हे चालणार नाही.

पेरी सॅडलच्या चढावर निम्म्या वाटेत तिच्या मांड्या जड झाल्या. सोबतचे तिघे पुढे होते. ती उतरली, सावलीत बसली, साखर-मीठ-पाणी प्याली, सोबत नेलेला शेंगदाणा-गुळाचा लाडू खाल्ला. अर्ध्या तासाने पाय हलके वाटले तेव्हा उठली आणि पुढचा बराचसा चढ सायकल हातात धरून चालत गेली. झोपडीवर पोहोचली ती इतरांपेक्षा दीड तास उशिरा. कुणी हसले नाही. चहाचे पाणी तयार होते.

इथे थांबून एएस म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण हाच भाग आपल्या कामाचा आहे.

एएस म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून सिकलचा गुण आलेला, दुसऱ्याकडून न आलेला. हा आजार नाही. एएस माणूस शिकतो, राबतो, धावतो, म्हातारा होतो. अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एएस सैनिकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटण्याचा धोका त्यांच्यात सुमारे दीडपट दिसला. अर्थ सरळ आहे. एएस असणे हे घरी बसण्याचे कारण नाही, पण पाणी न पिता, तयारी न करता, ऊर फुटेस्तोवर पळणे त्याला इतरांपेक्षा महाग पडू शकते.

स्नायू फुटणे म्हणजे काय? अतिश्रम आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की एएस व्यक्तीच्या काही लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायूला रक्त मिळत नाही, तो आतून तुटतो आणि त्यातला मैला मूत्रपिंडात अडकतो. साध्या गोळ्यात, म्हणजे क्रॅम्पमध्ये, स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो. यात स्नायू मऊच असतो, पण पायातले बळ जाते. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, आणि तरी खाली बसतो. अशा मुलाला "नाटक करू नको, ऊठ, अजून एक राउंड मार" असे म्हणू नका. त्याला सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या आणि १०८ ला फोन करा. नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो तातडीचा इशारा आहे, लगेच रुग्णालय गाठा. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेऊन झोपू नका. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी मार देतात.

दुसरा दिवस: गारठा

पेरी सॅडलहून निघाले तेव्हा रिमझिम होती. गोलंड डाउन्सच्या पठारावर वारा सुटला आणि पाऊस आडवा झाला. सोबत्यांपैकी एक धडधाकट तरुण, रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, सुती टी-शर्टवर निघाला होता. थोड्या वेळात तो कुडकुडू लागला. ब्रेक धरताना त्याची बोटे चुकू लागली. मग शब्द अडखळू लागले. तो म्हणत होता, मी ठीक आहे. माझ्या मैत्रिणीने त्याच्या म्हणण्याकडे नाही, बोलण्याच्या लयीकडे लक्ष दिले.

सुदैवाने गोलंड डाउन्स हट जवळ आली होती. ही या वाटेवरची सर्वांत जुनी झोपडी, १९३२ सालची, आठ जणांपुरती, आत दगडी चूल. त्यांनी त्याचे ओले कपडे काढले, अंग पुसले, कोरडे लोकरीचे कपडे चढवून स्लीपिंग बॅगमध्ये घातले, डोक्याला टोपी घातली, चूल पेटवली आणि गोड गरम चहा घोट-घोट पाजला. तासाभराने त्याचे बोलणे सरळ झाले.

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही, ओले कपडे आणि वारा पुरतो. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगातली ऊब ओढून नेते. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते. आपल्याकडेही पावसाळ्यात चिखलदऱ्याला भिजत जाणारी पोरे, डिसेंबरच्या अवकाळी पावसात मोटारसायकलवर रात्रीचा प्रवास करणारे, यांना हे होऊ शकते. लक्षात ठेवा: कुडकुडणे, हात चुकणे, शब्द अडखळणे, पाय लटपटणे. आणि कुडकुडणे आपोआप थांबले पण माणूस सुस्त झाला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडला आहे. अशा माणसाला दारू पाजू नका. दारूने ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. हातपाय जोरात चोळू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका.

सिकलसेलच्या एसएस रुग्णांसाठी तर गारठा हा थेट शत्रू आहे. गारठा, पाण्याची कमतरता, अतिश्रम आणि ताप, या चारांपैकी एकही गोष्ट वेदनेचा झटका आणू शकते. एसएस मुलांनी असा प्रवास करू नये. पण त्यांनाही कोंडून ठेवू नका. डॉक्टरांना विचारून चालणे, हलका खेळ, मधे मधे विश्रांती आणि भरपूर पाणी, एवढे त्यांनाही हवे असते. आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करू नका.

झोपडी, पण कशी

झोपडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गळके पत्रे आणि सार्वजनिक नळावरची रांग येते. तिकडची ही डोंगरातली झोपडी वेगळी. ती सरकारच्या संवर्धन खात्याची असते. देशभर अशा नऊशेहून अधिक झोपड्या हे खाते सांभाळते. आत ओळीने फळ्यांचे बिछाने आणि गाद्या, ऊब मिळण्याची सोय, पाणी, बाहेर संडास. वीज नाही, आंघोळ नाही, नोकर नाही. पांघरूण, अन्न आपले न्यायचे आणि आपला कचरा आपणच परत आणायचा. निघताना झाडून काढायचे, चूल असेल तिथे पुढच्या माणसासाठी सरपण ठेवायचे.

मैत्रिणीला सगळ्यात जास्त काय भावले, तर एकाच ओळीत झोपलेली माणसे. रुग्णालयातला सर्जन, शेतावर दूध काढणारा मजूर, निवृत्त शिक्षिका आणि ही नागपूरची नर्स. आडनाव कुणी विचारले नाही. पाण्याला हात लावताना कुणाची नजर वर झाली नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले ते याच साध्या गोष्टीसाठी. जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे आहे.

आणि कार्यकर्ती म्हणून माझ्या मनात दुसरी गोष्ट येते. जिथे कायमचा एकही माणूस राहत नाही त्या डोंगरात एक सरकार संडास आणि पाणी पोहोचवते. आपल्या वस्तीत हजारो माणसे राहतात. तेव्हा नगरसेवक "जागा अडचणीची आहे" म्हणाला तर आपण मान डोलवून परत येऊ नये.

आपण काय करायचे

पहिले काम रक्ततपासणी. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. पहिली चाचणी बोटाच्या थेंबावर होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी होऊन एएस की एसएस हे कळते. कागद जपून ठेवा. लग्न ठरवताना पत्रिका नको, हा कागद बघा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे पाप नाही, कुणाचा शाप नाही, रक्तातले गणित आहे. त्यावरून मुलीला नाकारणे किंवा लपवाछपवी करणे आपल्या धम्माला शोभत नाही. माहिती घेऊन दोघांनी मिळून निर्णय घ्यावा.

दुसरे, बायकांनी हिमोग्लोबिन बघावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागते ती नेहमी वयामुळे नसते. मात्र सिकलसेलच्या रुग्णांनी लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

तिसरे, सायकल बाहेर काढा. महागडी नको, ब्रेक चांगले हवेत. सीटवर बसून पाय खालच्या पायडलवर असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, किंचितच वाकलेला. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग किती? बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका. उन्हाळ्यात पहाटेच निघा. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे आणि बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी. चढावर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर त्याला गॅस समजू नका. थांबा आणि रुग्णालय गाठा.

चौथे, भरतीच्या मुलांसाठी. पुरुषांची १६०० मीटर आणि मुलींची ८०० मीटर धाव ही आठ दिवसांच्या तयारीची गोष्ट नाही. अंतर आणि वेग आठवड्या-आठवड्याने वाढवा. ताप किंवा जुलाब असताना मैदानावर जाऊ नका. सोबत पाणी न्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरचे जलसंजीवनी तयार होते. आपण एएस असाल तर मैदानावर सोबतच्या मित्राला आणि शिकवणाऱ्या सरांना सांगून ठेवा. लेह-लडाखसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर सहलीला किंवा नोकरीला जाणार असाल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. तिथे डाव्या बाजूला बरगड्यांखाली जोरात दुखले तर लगेच दवाखाना आणि लवकरात लवकर खाली उतरणे.

वीणेची तार

भगवान बुद्धांचा एक शिष्य होता, सोण. नाजूक पायांचा, श्रीमंत घरातला. साधनेच्या जिद्दीने तो इतका चालला की तळवे रक्ताळले. तरी मन स्थिर होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला वीणेची आठवण दिली, कारण पूर्वी तो वीणा वाजवायचा. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. सोणाला त्यांनी चालणे बंद करायला सांगितले नाही, तार जुळवायला सांगितली.

माझ्या मैत्रिणीच्या आईने तिची तार सैल सोडली होती. प्रेमापोटी, एका मुलाच्या मरणाच्या धाकाने. त्या माऊलीला दोष देता येत नाही, कारण तेव्हा तिला कुणी समजावून सांगितलेच नव्हते. आज आपल्या वस्तीत सांगायला आशाताई आहे, तपासणी मोफत आहे, हे पान आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे या विषयाला द्या. कुणाची तपासणी राहिली आहे त्यांची यादी करा, आरोग्य केंद्राला शिबिर लावायचा अर्ज द्या, आणि ज्यांचा कागद हातात आला आहे त्यांनी पुढच्या रविवारी पहाटे सायकली काढा. पाण्याची बाटली विसरू नका.

जयभीम.